जॉबर गेला, वशिला राहिला

लालबागच्या मसाल्याच्या दुकानापासून दादरच्या साड्यांच्या दुकानापर्यंत, माणूस ठेवायची वेळ आली की मालक म्हणतो, "आपल्या ओळखीतलाच बघा." हे म्हणणं थट्टेवारी नेण्यासारखं नाही. ओळखीचा माणूस गल्ल्याला हात लावताना दहादा विचार करतो, कारण त्याला आणणाऱ्याची अब्रू पणाला लागलेली असते. शिवाय दाखले खोटे निघू शकतात. गाववाला कुठे पळणार?

या युक्तिवादाची परीक्षा परळ-लालबागच्या कापड गिरण्यांनी कित्येक दशकं घेतली आहे. गिरणीतली भरती जॉबरच्या, म्हणजे खात्यातल्या मुकादमाच्या, हाती असे. रत्नागिरी-साताऱ्याहून आलेल्याला तोच चिकटवायचा, तोच खोली बघून द्यायचा, अडीनडीला कर्जही द्यायचा. बायकांच्या खात्यात हेच काम नायकिणीकडे. मालकाला हे सोयीचं होतं: मागणी वाढली की सकाळी गेटवर माणसं हजर, घटली की घरी. पण कामाला लागायला जॉबरला दस्तुरी, म्हणजे लाच, आणि टिकायलाही दस्तुरी, म्हणजे आत कोण जाणार हे हाताच्या कसबावर ठरत नसे. कामगार बांधलेला असे जॉबरशी. जॉबरचं साहेबाशी बिनसलं की त्याची माणसंही त्याच्यामागे बाहेर पडू शकत. ज्या भरवशासाठी ओळख शोधली, तो मध्यस्थाच्याच खिशात गेला.

ओळखीच्या कुंपणाबाहेर कोण राहिलं, तेही पाहावं. साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, पगार बरा, पण तिथे दलितांना प्रवेश नव्हता. धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळाचं कारण पुढे केलं जाई. १९२८च्या संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. न्याय-अन्याय क्षणभर बाजूला ठेवला, तरी कसबी हात असे दाराबाहेर ठेवणं हा निव्वळ धंद्याच्या हिशेबानेही मूर्खपणाच होता. 'ओळखीतला' म्हणजे बहुधा जातीतला, हे आजही कुणी बोलून दाखवत नाही, एवढंच.

१९३१मध्ये कामगारांच्या प्रश्नांसाठी नेमलेल्या व्हिटली आयोगाने सांगितलं की भरती जॉबरकडून काढून लेबर ऑफिसरकडे द्या. १९३५मध्ये बदली कामगारांना, म्हणजे गैरहजरांच्या जागी येणाऱ्यांना, कार्डं देण्याची योजना आली. तरी खात्यात जॉबरचा शब्द चालतच राहिला, कारण कामाची पारख त्याच्याकडेच होती. पारख ज्याच्याकडे, भरती त्याचीच.

म्हणून ही पारख मालकाने स्वतःकडे घ्यावी. ओळखीने नाव यावं, निवड कामावरून व्हावी. शिंप्याने काजं करायला द्यावीत, खानावळवाल्याने दुपारच्या गर्दीत वाढायला उभं करावं, आणि त्या वेळेचे पैसे मोजावेत. फुकटची 'ट्रायल' ही दस्तुरीच. फक्त घेणारा बदलला. आधीच्या मालकाला "कसा आहे?" असं विचारलं तर "चांगला आहे" असंच उत्तर येतं. "पुन्हा ठेवाल का?" विचारलं की तो जरा थांबतो, आणि ते थांबणंच ऐकायचं असतं. पगार, सुट्टी, कामाचे तास पहिल्या दिवशी लिहून द्यावेत. "मी माणूस बघताक्षणी ओळखतो" म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

लहान दुकानाला हे सोपस्कार परवडत नाहीत, असा आक्षेप येतो. उलट चूक परवडत नाही ती लहान दुकानालाच. हजार माणसांच्या गिरणीत एक कामचुकार खपून जाई. तिघांच्या दुकानात तो एक तृतीयांश धंदा असतो. त्यातून तो भाचा असला, तर त्याला काढल्यावर भाऊबीजेला बहिणीकडे कोणत्या तोंडाने जायचं?