विश्लेषण : घरच्या-ऑफिसच्या संगणकांत एकच फोल्डर? ‘सिंक’ला ‘बॅकअप’ समजणे का महागात पडते?

नवा विंडोज ११ लॅपटॉप घ्यायचा, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉग-इन करायचे आणि कामाला लागायचे. काही दिवसांनी डेस्कटॉपवरच्या फाइल्सशेजारी कुठे हिरवी टिकमार्क, कुठे निळा ढग दिसू लागतो. मग ‘जागा संपली, प्लॅन विकत घ्या’ अशी सूचना येते. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही तिन्ही फोल्डर वनड्राइव्हच्या ताब्यात गेलेली असतात आणि मोफत मिळणारी ५ जीबी जागा लग्नाच्या अल्बमानेच भरून गेलेली असते. संगणकाच्या सेटिंग्जमध्ये या सोयीचे नाव ‘बॅकअप’ असे दिलेले आहे. प्रत्यक्षात ते सिंक आहे. हा शब्दांचा खेळ नाही. या एका गैरसमजापायी प्रबंध, हिशेब आणि दहा-दहा वर्षांचे फोटो जाऊ शकतात.

होम फोल्डर म्हणजे नेमके काय?

प्रत्येक संगणकात वापरकर्त्याच्या नावाचे एक फोल्डर असते. विंडोजमध्ये ते सी ड्राइव्हवरच्या ‘यूजर्स’मध्ये, मॅकमध्येही ‘यूजर्स’मध्ये, तर लिनक्समध्ये ‘होम’मध्ये सापडते. त्यात कागदपत्रे, फोटो, डाउनलोड्स असतात हे सगळ्यांना ठाऊक असते. न दिसणारा भाग मात्र कित्येकदा त्याहून मोठा असतो. विंडोजमधील ‘ॲपडेटा’ हे लपवलेले फोल्डर, लिनक्स-मॅकमधील टिंबाने सुरू होणारी फोल्डर, ब्राउझरचे प्रोफाइल, ॲप्सच्या सेटिंग्ज, तात्पुरत्या साठवलेल्या फाइल्स आणि सर्व्हरवर लॉग-इन करण्याच्या गुप्त किल्ल्या हे सारे तिथेच असते. म्हणजे घराचा दिवाणखाना, तिजोरी आणि कचऱ्याचा डबा एकाच छताखाली. ‘सगळे होम फोल्डरच सिंक करू’ असे म्हणताना बहुतेकांच्या डोळ्यांपुढे फक्त दिवाणखाना असतो.

ही हौस किती जुनी?

क्लाउडच्या बरीच आधीची. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८०च्या दशकात ‘अँड्र्यू’ प्रकल्प झाला. विद्यार्थ्याने आवारातील कोणत्याही संगणकावर बसावे आणि त्याला स्वतःचेच फोल्डर समोर दिसावे, ही त्यामागची कल्पना होती. पण नेटवर्क तुटले की काम थांबायचे. त्यावर उत्तर शोधण्यासाठी तिथेच १९८७च्या सुमारास ‘कोडा’ ही फाइल-व्यवस्था आकाराला येऊ लागली. तिचे नेतृत्व आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले प्रा. महादेव सत्यनारायणन यांच्याकडे होते. नेटवर्क नसताना संगणकातल्या प्रतीवर काम करायचे आणि जोडणी परतली की बदल जुळवून घ्यायचे, हे आज प्रत्येक सिंक ॲप जे करते ते कोडाने तेव्हा करून दाखवले होते.

कार्यालयांच्या वाट्याला आले ते विंडोजचे ‘रोमिंग प्रोफाइल’. लॉग-इन करताना सर्व्हरवरून सारे प्रोफाइल उतरवून घ्यायचे आणि लॉग-आउट करताना परत चढवायचे. कुणी डेस्कटॉपवर मोठी व्हिडिओ फाइल ठेवली की सकाळी संगणक सुरू होईपर्यंत चहा पिऊन व्हायचा. एकाच वेळी दोन संगणकांवर लॉग-इन केले, तर नंतर बाहेर पडलेल्या संगणकाचे बदल आधीच्यावर बसायचे. ‘ॲपडेटा’मध्ये आजही ‘रोमिंग’ आणि ‘लोकल’ अशी दोन वेगळी फोल्डर दिसतात, ती त्याच काळाची खूण. सोबत न्यायचे काय आणि जागेवर ठेवायचे काय, हे निवडावे लागते, हे तेव्हाच कळले होते.

सिंक ठरवते कसे?

एकतर्फी प्रत काढणे तुलनेने सोपे. १९९६ मध्ये अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ‘आरसिंक’ हे साधन आणले. मोठ्या फाइलचा बदललेला तुकडाच पाठवायचा, ही त्यातील युक्ती इतकी सरस आहे की ते साधन आजही जगभरच्या सर्व्हरवर रोज चालते. पण तिथे एक संगणक देणारा आणि दुसरा घेणारा हे आधीच ठरलेले असते. दिशा उलटी दिली आणि सोबत ‘डिलीट’ हा पर्याय लावला, तर महिन्याभराचे नवे काम जुन्या प्रतीबरहुकूम पुसले जाते. साधन सांगितलेले काम चोख करते.

खरी गुंतागुंत दुतर्फी सिंकमध्ये आहे. घरच्या संगणकात ‘अहवाल’ नावाची फाइल आहे, ऑफिसच्या संगणकात नाही. याचा अर्थ काय लावायचा? ती घरी नव्याने तयार झाली, म्हणून ऑफिसात पाठवायची? की ऑफिसात कुणी ती मुद्दाम काढून टाकली, म्हणून घरूनही काढायची? दोन्ही फोल्डर समोरासमोर ठेवून कितीही पाहिली तरी याचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी मागच्या वेळी दोन्हीकडे काय होते याची नोंद लागते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बेंजामिन पिअर्स यांच्या पुढाकाराने तयार झालेले ‘युनिसन’ अशी नोंद दोन्ही बाजूंना ठेवते आणि शंका आली तर वापरकर्त्यालाच विचारते.

ही नोंद असल्यामुळेच सिंकला ‘डिलीट’ कळते. आणि कळते म्हणूनच ते डिलीट सगळीकडे पोहोचवले जाते. यात बिघाड काही नाही, हेच तर सिंकचे काम. एका संगणकावर चुकून फोल्डर उडाले की ते काही सेकंदांत सगळीकडून उडते. रॅन्समवेअरने फाइल्स कुलूपबंद केल्या की कुलूपबंद फाइल्सच इमानेइतबारे इतर संगणकांवर जातात.

स्मार्टफोनधारकांना याचा अनुभव नवा नाही. फोनमध्ये जागा व्हावी म्हणून गूगल फोटोज ॲपमधून फोटो डिलीट केले जातात आणि ‘क्लाउडवर आहेतच की’ असे गृहीत धरले जाते. ते क्लाउडवरूनही गेलेले असतात. जागा मोकळी करण्यासाठी त्याच ॲपमध्ये वेगळा पर्याय आहे, पण बोट आधी जाते ते कचरापेटीच्या चिन्हावर. बॅकअप झालेले फोटो ६० दिवस ट्रॅशमध्ये राहतात, वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यात डिलीट केलेल्या फाइल्स ३० दिवस रिसायकल बिनमध्ये राहतात. ही मुदत म्हणजे मोठाच आधार आहे, हे मान्य करायला हवे. मात्र परीक्षेनंतर सुट्टीवर गेलेल्या विद्यार्थ्याला प्रबंधाचे फोल्डर गेल्याचे दोन महिन्यांनी कळले, तर तो आधार संपलेला असतो.

आणखी कुठे बिघडते?

एकच फाइल दोन संगणकांवर नेट नसताना बदलली गेली की संघर्ष होतो. बरी सॉफ्टवेअर अशा वेळी दोन्ही प्रती ठेवतात. ‘सिंकथिंग’ हे मुक्त सॉफ्टवेअर एका प्रतीच्या नावात तारीख-वेळ घालून तिला बाजूला ठेवते. वापरकर्त्याने मात्र ही विचित्र नावाची फाइल उघडून पाहायला हवी. बहुतेक जण ती कचरा समजून काढून टाकतात आणि नेमके त्यातच शनिवारी रात्री जागून केलेले काम असते.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा, ब्राउझरचे प्रोफाइल, ईमेलची मोठी फाइल यांची तऱ्हा वेगळी. या साध्या फाइल्स नसून सतत लिहिले जाणारे डेटाबेस असतात. सॉफ्टवेअर सुरू असताना सिंकने त्यांची प्रत उचलली, तर अर्धे जुने आणि अर्धे नवे असे कडबोळे दुसऱ्या संगणकावर पोहोचू शकते. दुकानाचा हिशेब घरूनही पाहता यावा म्हणून त्याचे चालू फोल्डर सिंकमध्ये टाकणे हा मोठा धोका आहे. अशा सॉफ्टवेअरची स्वतःची बॅकअप फाइल काढून ती पाठवणे केव्हाही बरे.

तिसरी गंमत ढगाच्या चिन्हाची. निळा ढग दिसतो तेव्हा फाइलचे फक्त नाव संगणकात असते, मजकूर क्लाउडवर. गावी गेल्यावर, नेट नसताना ती उघडत नाही तेव्हा हे कळते.

मराठी नावांची वेगळी अडचण?

याची चर्चा फारशी होत नाही. ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावातील ‘ऱ्यां’ संगणकात एकापेक्षा अधिक प्रकारे लिहिता येते. काही कीबोर्ड ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, काही साधा ‘र’ घेऊन त्यापुढे हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह टाकतात. जुन्या मॅकची फाइल-व्यवस्था तर ‘ऱ’ची फोड ‘र’ आणि नुक्ता अशी करून साठवत असे. २०१७ पासूनच्या नव्या व्यवस्थेत मॅक दिलेले रूप तसेच ठेवतो. डोळ्यांना ही रूपे सारखीच दिसतात. विंडोज आणि लिनक्सच्या लेखी मात्र ती वेगवेगळी नावे आहेत. परिणामी एकाच फोल्डरात एकाच नावाच्या दोन याद्या दिसू शकतात. कोणती ताजी, हे नावावरून कळायला मार्ग नाही. इंग्रजी नावांत अशीच भानगड लहान-मोठ्या लिपीची होते. लिनक्सला ती दोन नावे वाटतात, विंडोजला एकच. शिवाय नावात अपूर्णविराम किंवा प्रश्नचिन्ह असलेली फाइल विंडोज स्वीकारतच नाही. वेगवेगळ्या प्रणालींचे संगणक जोडणाऱ्यांनी फाइलचे नाव साधे ठेवून पुढे तारीख लिहिली तर बराच मनस्ताप वाचेल.

मग आक्षेप कशाला?

सिंक हे तंत्रज्ञान उत्तम आहे. आक्षेप आहे तो ते न विचारता सुरू करण्याला आणि त्याला बॅकअप म्हणण्याला. नव्या विंडोज ११ संगणकांच्या जुळणीत ही फोल्डर स्पष्ट होकार न घेता वनड्राइव्हला जोडली जात असल्याच्या बातम्या २०२४ मध्ये आल्या होत्या. ॲपलने २०१६ मध्ये ‘मॅकओएस सिएरा’पासून डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आयक्लाउडवर नेण्याची सोय दिली. तिथेही मोफत जागा ५ जीबीच. गूगलची १५ जीबी जागा ड्राइव्ह, जीमेल आणि फोटोज मिळून आहे, ती भरली की नवे ईमेल येणेही थांबू शकते. मोफत जागा अपुरी, होम फोल्डर मोठे आणि दोघांना जोडणारे बटण आधीच दाबलेले. यात कुणाचा व्यवसाय वाढतो, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

प्रश्न फक्त जागेचा असता तर सोडून देता आला असता. पण करसल्लागाराच्या सहायकाच्या डेस्कटॉपवर अशिलांचे पॅन आणि आधार कार्ड असते, दवाखान्यातील संगणकावर रुग्णांचे अहवाल. ते कुणाच्या तरी वैयक्तिक क्लाउड खात्यात जाऊन बसतात आणि तिथून त्याच खात्याने जोडलेल्या घरच्या लॅपटॉपवर उतरतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये संमती ही मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण आणि स्पष्ट कृतीतून दिलेली असावी असे म्हटले आहे. आधीच सुरू असलेले बटण कायद्याच्या कसोटीवर कुठे बसते, हे वकील ठरवतील. पण ज्याने काही निवडलेच नाही त्याची ती निवड होती, असे म्हणणे अवघड आहे. अशी सोय मुळात बंद असावी आणि सुरू करताना ‘इथे डिलीट केले तर सगळीकडून जाईल’ हे वाक्य ठळकपणे समोर यावे, एवढी मागणी अवाजवी नाही.

वापरकर्त्याने काय करावे?

संपूर्ण होम फोल्डर सिंक करण्याचा मोह सोडावा. ‘चालू काम’ असे एकच फोल्डर करून तेवढेच सिंकमध्ये ठेवावे. क्लाउड नको असेल तर सिंकथिंग दोन संगणकांना थेट जोडते. त्यासाठी दोन्ही एका वेळी सुरू असावे लागतात, एवढेच. त्यात जुन्या प्रती राखून ठेवण्याची सोय आहे, ती मुद्दाम सुरू करावी. ब्राउझरचे बुकमार्क आणि पासवर्ड ब्राउझरच्याच सिंकवर सोडावेत. गुप्त किल्ल्या कुठेच पाठवू नयेत, प्रत्येक संगणकावर नव्या तयार कराव्यात. आणि आठवड्यातून एकदा एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर प्रत काढून ती डिस्क संगणकापासून सोडवून ठेवावी. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर तिलाही सोडत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी त्या डिस्कवरची एखादी फाइल उघडून पाहावी.

ज्यांच्या संगणकावर वनड्राइव्हचा हा ‘बॅकअप’ आधीच सुरू आहे, त्यांनी घाईने बंद करू नये. आधी वनड्राइव्हच्या फोल्डरवर राइट क्लिक करून फाइल्स कायम याच संगणकावर ठेवण्याचा पर्याय निवडावा आणि सारे ढग जाऊन हिरव्या खुणा येईपर्यंत थांबावे. मग सगळ्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. त्यानंतरच सेटिंग्जमधून एकेका फोल्डरचा बॅकअप थांबवावा. त्या क्षणी डॉक्युमेंट्स फोल्डर रिकामे दिसले तर घाबरू नये. फाइल्स वनड्राइव्हमधल्या त्याच नावाच्या फोल्डरात असतात, तिथून त्या कॉपी करून घ्याव्यात. क्लाउडवरची प्रत काढायचीच असेल तर ती सगळ्यात शेवटी आणि दुसऱ्या संगणकावर काय काय उरले आहे हे पाहूनच.