सर्वनामांची पंगत

इंग्रजी वाक्यांत अनेक सर्वनामें एकत्र आलीं असतां प्रथम 'यू', मग 'ही' व अखेरीस 'आय' असा क्रम ठेवावा, हें आम्ही खालच्या वर्गापासून शिकवीत आलों आहों. रेन व मार्टिन यांच्या व्याकरणांतही तो शिष्टाचार म्हणूनच सांगितला आहे. परंतु विद्यार्थी त्यास व्याकरणाचा नियम समजतात, व कित्येक शिक्षकही 'आय अँड माय ब्रदर' असें दिसतांच तांबडी रेघ ओढून गुण कापतात. आमच्या मतें हें योग्य नव्हे.

हा केवळ रिवाज आहे, आणि रिवाज भाषेगणिक निराळा. लॅटिनमध्यें वक्ता स्वतःस प्रथम ठेवी. आपलें व मुलाचें कुशल पत्नीस कळवितांना सिसरोही आरंभ स्वतःपासून करतो. मराठींत 'मी आणि दादा बाजारास गेलों' असें म्हटल्यानें दादांचा अपमान होत नाहीं. त्यांचा मान 'दादा आले' या क्रियापदांत असतो. इंग्रजींत तूं, तुम्ही व आपण या तिन्हींस एकच 'यू'. मान दाखविण्याच्या जागाच थोड्या, म्हणून क्रमास एवढें महत्त्व आलें असावें.

तरीही क्रमानें सर्व साधतें असें नाहीं. आठव्या हेन्रीचा मंत्री कार्डिनल वुल्झी यानें 'मी व माझा राजा' असें लॅटिनमध्यें लिहिल्याची कथा प्रसिद्ध आहे. परंतु 1529 सालच्या आरोपपत्रांत त्याचे शब्द 'द किंग अँड आय' असे दिले आहेत. राजा प्रथमच होता! प्रजाजनानें राजाच्या बरोबरीस बसावें, हाच अपराध ठरला.

गतवर्षीं चेंडू लागून आमच्या वर्गाची कांच फुटली. ज्यानें टोला मारला तो मोठा मुलगा अदबीनें म्हणाला, "ही अँड आय ब्रोक इट, सर." क्रम अगदीं बिनचूक. शेजारचा लहान मुलगा मात्र रडूं लागला. त्यानें केवळ चेंडू टाकला होता. मानाच्या वेळीं जो मागें बसतो त्यानें दोषाच्या वेळीं पुढें उभें राहावें, ही रीत आमच्या घरोघरीं ठाऊक आहे. येथें 'आय' प्रथम यावयास हवा होता. मुलास रागें भरण्यापूर्वीं आम्हांसच प्रश्न पडला, हा भेद आम्हीं त्यास कधीं सांगितला होता काय?

दुसराही एक तोटा आहे. 'यू अँड आय' ही जोडी सभ्य, एवढेंच मनांत ठसल्यामुळें चांगले विद्यार्थीही 'बिटवीन यू अँड आय' असें लिहितात. तेथें 'मी' हवें. (हें इंग्रजी 'मी' बरें, आपला 'मी' नव्हे.) मराठींत 'तूं व मी यांमध्यें' याऐवजीं 'तूं व मीमध्यें' असें कोणतें मूल म्हणेल? जी विभक्ति तें घरीं सहज सांभाळतें, ती इंग्रजींत सभ्यतेच्या भयानें गमावतें. पालकांनीं निबंध तपासतांना क्रमापेक्षां इकडे लक्ष द्यावें.

आम्हीं स्वतःपुरतें ठरविलें आहे. यापुढें 'आय' प्रथम आला तर समासांत सूचना लिहूं, गुण कापणार नाहीं. 'बिटवीन यू अँड आय' याचा मात्र अर्धा गुण जाईल.