मोटारीचा जमाखर्च

पाच-दहा मोटारवाले एकत्र जमले, मग ते लग्नमंडपात असोत, सोसायटीच्या फाटकाशी असोत की कचेरीबाहेरच्या चहाच्या टपरीवर असोत, तर त्यांचे संभाषण कोठूनही निघाले तरी अल्पावधीतच ‘ॲव्हरेज किती देते?’ या प्रश्नावर येऊन स्थिरावते. कोणी सोळा सांगतो, कोणी अठरा. महामार्गावर पंचवीस मिळाल्याचे छातीठोकपणे सांगणारा एखादा महाभाग प्रत्येक मेळाव्यात असतोच, आणि त्याच्या शब्दाविषयी शंका घेणे हा शिष्टाचाराचा भंग समजला जातो. या प्रश्नाचे महत्त्व मी नाकारीत नाही. परंतु ज्या समाजाने पेट्रोलच्या थेंबाथेंबाविषयी एवढी जागरूकता अंगी बाणवली आहे, त्याच समाजाने मोटारीच्या इतर सर्व खर्चांकडे, आणि विशेषतः दुरुस्तीच्या खर्चाकडे, डोळे मिटून पाहण्याची सवय लावून घेतली आहे. आणि या अनास्थेची किंमत दरसाल बिनतक्रार वसूल होत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक साधा हिशेब मांडून पाहू. पुण्यातील एका मध्यमवर्गीय गृहस्थाने ८ लाख रुपये किमतीची पेट्रोलवर चालणारी मोटार घेतली, त्यापैकी ६ लाखांचे कर्ज द.सा.द.शे. ९ दराने पाच वर्षांच्या मुदतीने काढले, आणि कचेरी, बाजारहाट, वर्षातून एकदोनदा कोकणात किंवा देवदर्शनाला जाणे एवढ्यातच त्याचे वर्षाकाठी ८ हजार किलोमीटर होतात, असे धरू. गाडी लिटरला १६ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०४ रुपये लिटर आहे असे समजले, तर वर्षाला ५०० लिटर, म्हणजे ५२ हजार रुपयांचे पेट्रोल लागते. हा आकडा त्याला तोंडपाठ असतो. पुढचे आकडे मात्र तो कधी कागदावर मांडीत नाही. १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीवर राज्य सरकार ११ टक्के एकरकमी कर घेते. तो ८८ हजार झाला. पाच वर्षांनी ही गाडी ४ लाखांना विकली गेली असे उदारपणे मानले, तरी करासह ४ लाख ८८ हजारांची झीज झाली. म्हणजे दरसाल सुमारे ९७ हजार. कर्जाचा हप्ता साडेबारा हजारांच्या आसपास बसतो आणि पाच वर्षांत जवळजवळ दीड लाख रुपये व्याजापोटी जातात; दरसाल साडेएकोणतीस हजार. विम्याचे सरासरी २० हजार आणि सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी यांचे मिळून १६ हजार धरले, की वर्षाची बेरीज २ लाख १५ हजारांच्या घरात जाते. पार्किंग, टोल आणि रोज सकाळी गाडी पुसणाऱ्याचा पगार मी यात धरलेलाच नाही. तरीही किलोमीटरमागे सुमारे २७ रुपये पडले, आणि त्यांत पेट्रोलचे साडेसहा. ज्या एका बाबीवर आपण अहोरात्र चर्चा करतो ती एकूण खर्चाचा जेमतेम पाव हिस्सा आहे. उरलेल्या पाऊण हिश्श्याविषयी आपल्याकडे संपूर्ण मौन आहे.

या एकांगी दृष्टीचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे डिझेल मोटारींचा मोह. वर्षाला आठ-नऊ हजार किलोमीटरही न चालवणाऱ्या कितीतरी गृहस्थांनी केवळ ‘वीस देते’ या एका गुणावर भाळून डिझेलची गाडी घेतली, तिच्यासाठी लाख-दीड लाख रुपये अधिक मोजले, करही पेट्रोलच्या गाडीपेक्षा दोन टक्के जास्त भरला, आणि इंधनात वाचलेल्या पैशांतून ही अधिकची रक्कम कधी फिटणार आहे याचा विचार केला नाही. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे निकष लागू झाल्यावर तर या गाड्यांच्या धुराच्या मार्गात काजळी धरून ठेवणारी एक गाळणी आली. ती गाळणी स्वतःला जाळून साफ करते, पण त्यासाठी गाडी बराच वेळ सलग वेगाने धावावी लागते. आणि कर्वे रस्त्यावरच्या गर्दीत दोन किलोमीटर जाऊन परतणाऱ्या गाडीच्या नशिबी तो योग येत नाही. मग डॅशबोर्डावर दिवा लागतो, मालक गॅरेज गाठतो, आणि ॲव्हरेजच्या हिशेबात कोठेही नसलेली एक जाडजूड रक्कम देऊन घरी येतो.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलावरून सध्या जो गदारोळ चालू आहे, त्यातही हाच दृष्टिदोष आहे. २० टक्के इथेनॉलमुळे, ज्या चारचाकी गाड्या शुद्ध पेट्रोलासाठी बनवल्या गेल्या व १० टक्क्यांच्या मिश्रणासाठी जुळवून घेतल्या गेल्या, त्यांचे ॲव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, हे नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच मान्य केलेले होते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि गॅस्केट यांविषयीची भीतीही अगदीच निराधार म्हणता येणार नाही. पंपावर निवड करण्याची मुभा ग्राहकाला असावयास हवी होती, ही तक्रार रास्तच आहे. परंतु आपल्या गृहस्थाच्या बाबतीत हे नुकसान वर्षाला साडेतीन हजारांच्या आसपास भरते, आणि ज्या माणसाने सत्याण्णव हजारांच्या झिजेविषयी कधी चकार शब्द काढला नाही तो या साडेतीन हजारांसाठी सरकारला शिव्याशाप देतो, तेव्हा त्याच्या संतापाचे प्रमाण थोडे चुकले आहे असेच म्हणावे लागते.

आता मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे दुरुस्तीकडे, वळतो. वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाटचा जमाना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना आठवत असेल की त्या काळचा मोटारमालक नाइलाजाने का होईना, आपल्या गाडीचा अर्धा मिस्त्री असे. प्लग काढून पॉलिश-पेपराने घासणे, पॉइंटचे अंतर पाहणे, कार्ब्युरेटरचा जेट फुंकून साफ करणे, घाटात रेडिएटर उकळला की थांबून वाट पाहणे, या गोष्टी त्याला येत. त्या गाड्या वारंवार बंद पडत आणि त्यांच्याविषयी उगाच हळहळण्याचे कारण नाही. आजची सामान्य मोटारही त्यांच्याहून अनेक पटींनी भरवशाची आहे. मात्र त्या बिघडलेल्या गाडीच्या दुरुस्तीत मालकाला कळण्याजोगे काही होते. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, पुढे कार्ब्युरेटर गेला, इंजिनाचा कारभार एका संगणकाच्या हाती गेला, आणि बॉनेट उघडून आत पाहणाऱ्या मालकाला आज दिसते ते बहुधा एक काळे प्लास्टिकचे झाकण.

या झाकणाखालच्या अज्ञानावर सर्व्हिस सेंटरचा व्यवहार चालतो. वातानुकूलित प्रतीक्षागृहात कॉफी दिली जाते, सल्लागार नम्रपणे ‘सर’ म्हणतो, आणि तेल, तेलाचा फिल्टर आणि एअर फिल्टर एवढ्याच कामासाठी आणलेल्या गाडीच्या जॉबकार्डावर इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसीचे निर्जंतुकीकरण, अंडरबॉडी कोटिंग, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग अशा नोंदी एकामागून एक उमटत जातात. त्यांतील एखादी खरोखर आवश्यकही असेल; पण कोणती, हे ठरविण्याचे साधन मालकाच्या हाती नसते. ते वास्तविक त्याच्या गाडीच्या डॅशबोर्डाच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीतून कधीही बाहेर न काढलेल्या माहितीपुस्तिकेच्या रूपाने, पडून असते. किती किलोमीटरनंतर काय बदलावे याचा तक्ता त्या पुस्तिकेत छापलेला आहे, आणि त्या तक्त्यात नसलेली नोंद जॉबकार्डावर दिसली तर तिचा खुलासा मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे. तीच गोष्ट टायरांतील हवेची. दाराच्या खांबावर चिकटवलेल्या कागदावर दाबाचा आकडा स्पष्ट लिहिलेला असतो, तो कोणी वाचीत नाही. पण पंपावर नायट्रोजन भरण्यासाठी पैसे मोजणारे पुष्कळ आहेत, आणि फुकट मिळणाऱ्या साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, हे त्यांच्या गावीही नसते.

विम्याविषयीही असेच. घासल्या गेलेल्या बंपरसाठी मालक तत्परतेने दावा दाखल करतो. प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, तो माफ करणारी पुरवणी घेतली नसेल तर निम्मी किंमत आपल्याच खिशातून जाते, आणि पाच वर्षे दावा न केल्याने स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळू लागलेली ५० टक्क्यांची सवलत त्या एका दाव्याने रद्द होते, हे त्याला नूतनीकरणाचा कागद हाती आल्यावर कळते. पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यावर गाडी बंद पडल्यावर पुनः पुन्हा चावी फिरविणाऱ्यांची गोष्ट याहून गंभीर आहे. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि असे इंजिन सर्वसाधारण पॉलिसीच्या कक्षेत येत नाही. त्यासाठी वेगळी पुरवणी असते. २६ जुलै २००५ च्या प्रलयानंतर तरी हे ज्ञान मुंबईकरांत घरोघरी पोहोचावयास हवे होते.

सर्व दोष ग्राहकाच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल, कारण ज्ञान मिळविण्याची वाटच पद्धतशीरपणे बंद केली गेली होती, असा निर्णय एका सरकारी संस्थेने दिलेला आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार उत्पादकांना एकत्रित अडीच हजार कोटींहून अधिक रुपयांचा दंड ठोठावला. अस्सल सुटे भाग खुल्या बाजारात येऊ न देणे, दोष शोधण्याची यंत्रे आणि तांत्रिक पुस्तिका स्वतंत्र गॅरेजवाल्यांपासून दूर ठेवणे, आणि बाहेर दुरुस्ती केल्यास हमी रद्द होईल असा धाक घालणे, हा त्यांच्यावरील ठपक्याचा सारांश होता. पुढे अपिले झाली, दंडाच्या रकमेवरून कायदेशीर काथ्याकूट झाला. पण आयोगाने नोंदवलेली वस्तुस्थिती गाडीवाल्यांच्या रोजच्या अनुभवाशी जुळणारी होती. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केले, त्यात मोटारींचाही अंतर्भाव केला. परंतु संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे, आणि तेथे माहिती देणे उत्पादकाच्या मर्जीवर सोडलेले आहे.

याचा फटका केवळ मोटारमालकाला बसतो असे नाही. पुण्याच्या नाना पेठेतील सुट्या भागांची दुकाने, कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यावरची गॅरेजे आणि प्रत्येक तालुक्याच्या स्टँडामागे पत्र्याच्या शेडमध्ये बसलेला मिस्त्री यांच्या हातातील कौशल्य पुष्कळ गाड्यांच्या बाबतीत कुचकामी ठरत आहे. लिंक रॉड, बुश, ब्रेक शू ही कामे तो आजही सर्व्हिस सेंटरच्या निम्म्या मजुरीत आणि पुष्कळदा अधिक काळजीने करतो. पण उंदराने वायर कुरतडल्यामुळे इंजिनाचा दिवा लागला, तर वायर जोडून झाल्यावर संगणकातील तो दोष नीट वाचण्याचे आणि पुसण्याचे साधन त्याच्याकडे नसते; मग पंचवीस रुपयांच्या वायरीसाठी गाडी उचलून शहरात न्यावी लागते, आणि तेथे वायर जोडण्याऐवजी संपूर्ण हार्नेस बदलण्याचे अंदाजपत्रक हाती पडते.

आणि हे सर्व सोसून कोणी आपली गाडी जपून वापरली, तर पंधरा वर्षांनंतर सरकार त्याची दखल कशी घेते? नोंदणीच्या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५ हजारांवर नेण्यात आले. शिवाय पर्यावरण कर वेगळा. धूर ओकणाऱ्या गाड्या रस्त्यावरून हटाव्यात याविषयी दुमत नाही. परंतु निकष धुराचा असावा, वयाचा नव्हे; पंधरा वर्षांत पन्नास हजार किलोमीटर चाललेली निवृत्त शिक्षकाची गाडी आणि तेवढ्याच वयाची पाच लाख किलोमीटर चाललेली गाडी या दोहोंना एकाच मापाने मोजणे, हा कारभाराचा आळस आहे.

तेव्हा माझ्या मागण्या दोन आहेत. केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचा स्वतंत्र कायदा करावा. त्यात दोष शोधण्याची यंत्रे, तांत्रिक पुस्तिका आणि अस्सल सुटे भाग वाजवी किमतीत कोणत्याही गॅरेजला मिळतील अशी सक्ती असावी, आणि केवळ बाहेर काम केले या सबबीवर हमी नाकारणाऱ्यास दंड असावा. दुसरी मागणी मोटारमालकांकडे आहे. गाडीच्या कप्प्यात एक वही ठेवावी, तीत पेट्रोलाप्रमाणेच हप्ता, विमा, टायर, दुरुस्ती यांचा प्रत्येक रुपया तारखेसह टिपावा, आणि गॅरेजातून निघताना बदललेला जुना भाग हातात मागून घ्यावा. तो भाग आपल्या मालकीचा असतो, आणि तो दाखवावयास नकार देणाऱ्या गॅरेजात पुन्हा जाऊ नये.