पहाटेचा हट्ट कशाला?

मंडळी, थंडी पडली की आमच्या सावद्यात ज्याला त्याला उपदेशाची हुक्की येते. "पहाटे ५ ला उठा, पळा!" वर्गात मीही वर्षानुवर्षं हेच सांगत आलो. आता म्हणतो, चुकलो.

माझा पुतण्या भुसावळला नोकरीला. सकाळी आठच्या आत घर सोडतो, परततो अंधारातच. यंदा पळायचं मनावर घेतलं आणि पहाटे हायवेवर गेला. चौथ्या दिवशी मागचा दिवा नसलेल्या ट्रॉलीवर आदळता आदळता वाचला. मग पळणं बंद. लोक म्हणाले, "आळशी!"

आळशी कसा? अहो, भारताचं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं, आपलं गाव ७६ च्या आसपास. म्हणजे सूर्य २६ मिनिटं मागे. जानेवारीत तो सातच्या सुमारास उगवतो. पळायचं कधी?

डिसेंबर १९३६ मध्ये शेजारच्या फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनासाठी मुंबईहून ज्योत धावत आणली होती. पण एकट्याने नव्हे, टप्प्याटप्प्याने, आणि हातात उजेड घेऊन!

नवख्याने रोज पळायची गरजही नाही. आठवड्यातून तीनदा, एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, अशी वीस मिनिटं पुरेत. दोनदा संध्याकाळी मैदानावर, एकदा रविवारी उन्हात. पण मैदानाला सहालाच कुलूप!

उपदेश करणाऱ्यांनी (मीही त्यात आलो) आधी ते कुलूप काढायला लावावं, एक दिवा लावून घ्यावा. मग पोरांना आळशी म्हणावं.

बघा पटतंय का..