शंका विचारणे हीसुद्धा शिस्तच

‘सिस्टरांनी डॉक्टरांच्या सूचना पाळाव्यात, स्वतःचे डोके चालवू नये,’ हे मागील अंकातील पत्र वाचून राहवले नाही. पत्रलेखकांना शिस्त हवी आहे, मलाही हवी. पण डिगॉक्सिन या हृदयाचे ठोके मंद करणाऱ्या औषधाची गोळी देण्याआधी सिस्टर रुग्णाच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजते. मोठ्या माणसाचे ठोके ६० च्या खाली भरले, तर केसपेपरवर लिहिलेली असूनही ती गोळी थांबवते आणि डॉक्टरांना फोन लावते. यात उद्धटपणा कुठला?

नुसत्या आज्ञापालनाने काय होते, हे अमेरिकेत चार्ल्स हॉफलिंग यांच्या १९६६ च्या प्रयोगाने दाखवले. अनोळखी ‘डॉक्टर’ने फोनवरून २० मिलिग्रॅम औषध द्यायला सांगितले; डबीवर दिवसाची कमाल मात्रा १० छापलेली. २२ पैकी २१ परिचारिका द्यायला निघाल्या. (गोळ्या निरुपद्रवी होत्या, म्हणून कुणाला इजा झाली नाही.) १९७७ च्या अशाच दुसऱ्या एका प्रयोगात मात्र औषध ओळखीचे होते, सहकाऱ्यांना विचारायची मुभा होती, तेव्हा जास्तीची मात्रा द्यायला १८ पैकी दोघीच तयार झाल्या. माझ्या मते फरक पडला तो माहितीमुळे आणि विचारण्याच्या मोकळिकीमुळे.

ती मोकळीक आपल्याकडे किती वॉर्डांत आहे? रात्रपाळीला एकटीच्या अंगावर अख्खा वॉर्ड, आणि शंका काढली की ‘तू डॉक्टर आहेस का?’ हे ऐकून घ्यायचे. फोनवरची ऑर्डर लिहून घेऊन परत वाचून दाखवणाऱ्या सिस्टरवर कोण कसे खेकसते, ते पत्रलेखकांनी एकदा वॉर्डात येऊन पाहावे.

– एक निवृत्त वॉर्ड सिस्टर, मिरज