जलसंजीवनीपासून सुरुवात करा

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी जीवरसायनशास्त्र म्हणजे घोकायची चक्रं, अशी समजूत होते ती आपल्या शिकवण्याच्या क्रमामुळे. रेणू आधी येतात, रुग्ण शेवटी. हे उलटं व्हायला हवं. जलसंजीवनीचं साधं पाकीट घ्या. लहान आतड्याच्या पेशीत ग्लुकोज आणि सोडियम एकाच वाहक प्रथिनातून जोडीनं शिरतात आणि त्यांच्यामागून पाणी जातं. कॉलऱ्यातही ही वाट शाबूत असते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ सालच्या सूत्रात दोन्ही लिटरमागे ७५ मिलिमोल आहेत. साखर फार झाली तर द्रावणच आतड्यात पाणी ओढतं आणि जुलाब वाढतात. १९७१मध्ये बनगावच्या निर्वासितांमध्ये डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं द्रावण वाटलं आणि कॉलऱ्याचं मृत्युप्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आलं. परासरण, सांद्रता, पेशीपटल हे सारं या एका पाकिटात आहे.

यानं पाया कच्चा राहील, हा आक्षेप गंभीर आहे. पण क्रेब्स चक्र गाळा असं कोण म्हणतं? कशासाठी शिकायचं हे कळल्यावर तेच चक्र डोक्यात टिकतं. वेळ नाही, हेही खरं. शरीररचनाशास्त्र बरेच तास घेतं. मात्र २०१९पासूनचा क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम पहिल्याच वर्षी रुग्णाची ओळख मागतो, तेव्हा जागा आहे. खरी अडचण प्रश्नपत्रिकेची. ‘चक्र लिहा’ऐवजी ‘या बाळाच्या द्रावणात साखर दुप्पट पडली, काय होईल?’ असं विचारलं, तर वर्गही बदलेल.