तंबू कुठे टाकायचा?

जून लागला की आमच्या हॉस्टेलमध्ये शनिवारची चर्चा ठरलेली असते. देवकुंड, भिवपुरी की सरळ लोणावळा? मी भालकीची, म्हणजे कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्याची. मी एकदा म्हणाले, "आमच्याकडे चला." तर रूममेट म्हणाली, "तुमच्याकडे टँकर येतात ना? धबधबा कुठून आणणार?"

राग आला, पण खोटं कशाला बोलू, मलाही तेव्हा फारसं माहीत नव्हतं. आम्ही बिदरची माणसं पाहुण्याला किल्ला दाखवतो, बिदरीची फुलदाणी दाखवतो, नरसिंह झरणीच्या भुयारात छातीभर पाण्यातून दर्शनाला नेतो. ओढ्याकाठाने नुसतं चालायला कोणी कोणाला नेत नाही. चालणं हे काम असतं, गंमत नसते, असं माझ्या आजीचं मत आहे.

मग मामेभावाने चिंचोळीचं नाव काढलं. तालुका कलबुर्गी जिल्ह्यातला, पण आम्हाला हुमनाबादवरून जवळच. तिथलं अभयारण्य 2011 साली जाहीर झालं, सुमारे 135 चौरस किलोमीटरचं. आत चंद्रमपल्ली धरण, लंबाणी तांडे, चंदन, रक्तचंदन, तरस, लांडगे आणि एत्तीपोता नावाचा धबधबा. नाव तेलुगू, जिल्हा कन्नड, वाटेवरच्या टपरीवाल्याची दखनी आणि बघायला आलेली मी मराठी. 1956 साली जुन्या बिदर जिल्ह्याचे तुकडे झाले, उदगीर-निलंगा-अहमदपूर एकीकडे, जहीराबाद दुसरीकडे आणि आम्ही तिसरीकडे. ओढ्यांना मात्र ते कोणी कळवलेलं दिसत नाही. (नेटवर शोधाल तर आधी नागार्जुनसागरजवळचा प्रसिद्ध धबधबा येईल. नावं सारखी आहेत, फसू नका.)

गेल्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी आम्ही चौघं गेलो. दोन मैत्रिणी मुंबईच्या, मी आणि मामेभाऊ. गेटवर नावं लिहिली, पैसे भरले. तिथल्या माणसाने स्पष्ट सांगितलं, मुक्काम करायचा तर धरणाकडे, जंगलात तंबू लावायचा नाही. आम्ही मान हलवली.

वाट ओढ्याच्या काठाकाठाने जाते. दोन्ही बाजूला जांभ्याचे लालभडक कडे, तळाला काळा दगड. ही लाल-काळ्याची जोडी म्हणजे आमच्या भागातल्या पाण्याचं सगळं गुपित आहे. वरचा जांभा सच्छिद्र, तो पाऊस पितो. खालच्या थरातून पाणी सहज उतरत नाही, म्हणून जिथे दोन थर भेटतात तिथे ते झऱ्यासारखं बाहेर पडतं. बिदरचे झरे असेच. बहमनी काळात लोकांनी नौबादजवळ जमिनीखालून कारेज खणलं ते हेच पाणी गाठायला. शाळेत आम्हाला कारेज म्हणजे 'सुलतानांची पाणीयोजना' एवढंच शिकवलं होतं. दगड कोणी हातात दिला नाही. घळीत चालताना तो आपोआप हातात येतो, कारण दर दहा पावलांवर आधाराला धरावा लागतो.

पण चार दिवस सलग पाऊस झाला की त्याच जांभ्याचं पोट भरतं. मग वर पडेल ते सगळं सरळ खाली. आपल्या डोक्यावर ऊन असतं आणि तीन-चार मैल वरचं पाणी आपल्या दिशेने निघालेलं असतं. हे मला आता माहीत आहे. तेव्हा नव्हतं.

दुपारी धबधब्याच्या खालच्या अंगाला आम्हाला एक वाळूचा पट्टा मिळाला. सपाट, मऊ, पाण्यापासून दहा पावलांवर. मीच म्हणाले, राहायचं थोडंच आहे, जेवणापुरता तंबू उघडू, फोटोही होतील. तंबू भाड्याचा होता. उघडला, बॅगा आत टाकल्या, भाकरी-शेंगाचटणी सोडली. तेवढ्यात वरच्या वाटेने शेळ्या घेऊन एक लंबाणी बाई आली. ती थांबली, आमच्याकडे नाही, पाण्याकडे बघितलं आणि ओरडली, "सामान उठाव, पानी आरा!"

आम्हाला काहीच वेगळं दिसत नव्हतं. मैत्रीण तर हसली. मामेभावाने विचारलं, "याडी, पाऊस कुठाय?" ती पुन्हा ओरडली आणि हाताने काडीकचरा दाखवला. पाण्यावरून वाळलेली पानं, काटक्या आणि फेस येत होता, मघाशी नव्हता. पाणी चहासारखं झालं होतं. आम्ही बॅगा घेऊन वर चढलो. तंबूच्या खुंट्या उपटायला मी परत वळणार होते, तर तिने माझा दंड धरून ठेवला. वाळूचा पट्टा दिसेनासा व्हायला पाच मिनिटंही लागली नसतील. तंबू गेला.

30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्याचा व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. मीही पाहिला होता आणि 'लोक इतके बेअक्कल कसे' असं म्हटलं होतं. त्यानंतर पुणे जिल्ह्यात पर्यटनस्थळांवर बंदीचे आदेश निघाले. कर्नाटकात वेगळं झालं. जानेवारी 2024 मध्ये कुमारपर्वतावर झुंबड उडाली, तेव्हा सरकारने आधी ट्रेक थांबवले आणि मग ऑनलाइन बुकिंग आणलं, दिवसाला माणसांची संख्या ठरवून. बंदीपेक्षा हे मला पटतं. तिकडचे तेव्हाचे वनमंत्री ईश्वर खंड्रे आमच्याच भालकीचे, तेव्हा हे थोडं घरच्यासारखंच बोलते आहे.

संख्या ठरवली, ठीक. पण त्या दिवशी आम्ही चौघंच होतो. गर्दी नव्हती. गेटवर नाव होतं, पावती होती, सूचनाही मिळाली होती. आम्हाला वाचवलं ते पाण्याचा रंग ओळखणाऱ्या बाईने, आणि ती तिथे योगायोगाने होती. माझं म्हणणं एवढंच आहे की हा योगायोग राहू नये. चिंचोळीच्या घळीत तांड्यातला माणूस सोबत असल्याशिवाय कोणाला सोडू नये. त्याची मजुरी तिकिटातच धरावी आणि ती तांड्यातच राहावी. बायकांनाही हे काम मिळावं, कारण ओढ्याकडे रोज बघणाऱ्या त्याच आहेत. आणि मुक्कामाची जागा काठावर नको, कितीही सुंदर दिसली तरी. वर, उंचावर, तांड्याला विचारून.

यावर मामाचं उत्तर असं: "तांड्यातली माणसं लाकडं तोडतात, शेळ्या चारतात, त्यांच्याच हातात जंगल द्यायलाव का?" हा आक्षेप हसण्यावारी नेता येत नाही. शेळ्यांनी रोपं खाल्ली तर रक्तचंदन वाढणार नाही, हे खरंच. पण शेळीशिवाय दुसरं उत्पन्न काय, हेही मामाने सांगावं. अभयारण्य जाहीर झालं तेव्हा तांडे आत होतेच, नंतर आलेले नाहीत. त्यांना बाहेर हलवण्याची चर्चा अधूनमधून होते. मी मुंबईहून भाड्याचा तंबू घेऊन गेले तर मी 'निसर्गप्रेमी' आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे झोपणारी ती 'अतिक्रमण'. हा हिशेब मला जुळवता येत नाही. मैत्रिणीने तर विचारलं, आपण दोन तास तिथे होतो तेव्हा लांडग्याला त्रास झाला नाही का? झाला असणार. आम्ही स्पीकरही नेला होता.

धबधब्याचे फोटो मी टाकलेले नाहीत. टाकू की नको यावर आमच्यात अजून भांडण चालू आहे. जागा लपवून ठेवणं हाही एक मालकीचाच प्रकार, असं मामेभाऊ म्हणतो, आणि तोच दर रविवारी मित्रांना गाडीवर घेऊन तिकडे जायलाय.

तंबू सापडला. आठ दिवसांनी तांड्यातल्या पोरांनी खाली झुडपात अडकलेला ओढून काढला, एक बाजू फाटलेली. दुकानदाराला मी हप्त्याने पैसे फेडले. मामेभाऊ आणायला गेला तेव्हा त्याखाली शेळीची तीन करडं बसली होती. "घेऊन जातोस का?" याडीने विचारलं. तो म्हणाला, राहू दे, पाऊस अजून आहे.